सुटं अंडं

“हात लावायचा नाही म्हणजे? मग ती जगायची कशी?”

लिंबाजीने विचारलं. तो फकिराच्या तकियाच्या ओट्यावर उकिडवा बसला होता आणि त्याच्यापुढे एक पसरट मडकं होतं. मडक्यात गाढवाची लीद, राख आणि रेती. त्यात अर्धी रुतलेली चौदा अंडी. अंगठ्याएवढी, लांबट. कोंबडीच्या अंड्यासारखी गुळगुळीत नव्हती ती. धुतलेल्या कातड्यासारखी मळकट पांढरी दिसत होती.

“जगतात,” सुभानबाबा म्हणाले.

“आपोआप?”

बाबा भिंतीला पाठ टेकून, उन्हाकडे तोंड करून बसले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. बाकीचं जग ते कानांनी आणि बोटांनी पाहत.

उत्तर दिलं चंद्राक्काने. मडकं तिनेच डोक्यावरून आणलं होतं, कुंभारवाड्यापासून ओढा ओलांडून. अजून धाप लागलेली होती, पण तोंड थांबत नव्हतं.

“लिदीचा ढीग उकरत हुते बाबा. खोऱ्याखाली मऊ लागलं. बगते तर ही! धामिणीची हायती. तिची कात शेजारीच पडली हुती, चांगली सहा हाताची. मी म्हनलं, चला, बाबांची नातवंडं आली.”

“जशी होती तशीच उचललीस?”

“आता ते मला शिकवायचं व्हय? दरसाल आणती की. हालवायच्या आदी परत्येकाच्या वरल्या अंगाला चुन्याचं बोट लावलं. वरचं वर, खालचं खाली.”

लिंबाजीने वाकून पाहिलं. खरंच, प्रत्येक अंड्यावर चुन्याचा एकेक ठिपका होता.

“आणि यांची आई?”

“आई कुटली? घातली आन् गेली.”

“कसली आई!” लिंबाजी म्हणाला. “अहो, आमच्याकडे खुडूक कोंबडी रवणीला बसवली की एकवीस दिवस दाणा टिपायलाही उठत नाही. दिवसातनं चारदा अंडी फिरवते. फिरवायलाच लागतात. एका कुशीवर ठेवलं की पिलू आत कवचाला चिकटतं आणि मरतं. ही अशीच ठेवायची म्हणता?”

“ही कोंबडीची नाहीत,” बाबा म्हणाले.

“जीव तो जीवच ना, बाबा?”

“चेलेबुवा,” चंद्राक्का पदराने मान पुसत म्हणाली, “कोंबड्या तुमी बगा. सापाचं बाबांना इचारा. उगं न्हाई गावातल्या बाया त्यास्नी सापांची सुईण म्हणत.”

बाबा हसले. लिंबाजी हसला नाही.

* * *

हा लिंबाजी शेळके कोण, कुठला, ते आधी सांगायला हवं.

त्याचं गाव तिथून दोन दिवसांच्या वाटेवर होतं. तिकडे त्याच्या हाताचं नाव होतं. गाय अडली, शेळी आडवी आली, कोंबडी रवणीवरून उठायला लागली, की लोक लिंबाजीला बोलवायचे. लिंबाजीचा हात लागला की मेलेलं जित्राब उठून वैरण मागतं, असं लोक म्हणायचे. लोक म्हणायचे आणि लिंबाजी ऐकायचा. ऐकून ऐकून त्यालाही ते खरं वाटायला लागलं होतं. जेवायला बसला तरी तो उजवा हात जरा जपूनच ताटात घालायचा.

दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी शेजारच्या वाडीवरून निरोप आला. म्हैस अडली होती. लिंबाजीच्या बायकोचे, सगुणाचे, तेव्हा दिवस भरत आले होते. तीच म्हणाली, जाऊन या, मला अजून आठ दिवस आहेत.

म्हैस वाचली. रेडकूही वाचलं. वाडीच्या लोकांनी त्याच्या गळ्यात झेंडूची माळ घातली. सकाळी ती माळ घालूनच तो घरी परतला तेव्हा अंगणात माणसं बसलेली होती आणि कुणी त्याच्याकडे पाहत नव्हतं.

सगुणाही गेली होती, मूलही गेलं होतं.

“तुझा हात असता तर...” एक म्हातारी म्हणाली. तिला वाटलं, आपण त्याचं सांत्वन करतोय.

त्यानंतर लिंबाजीने कुठल्याही जित्राबाला हात लावला नाही. लोक बोलवायला येत. तो आत बसून राही. मग लोक यायचे थांबले. मग घरात फक्त चुलीचा आवाज उरला. पुढे तोही नको वाटायला लागला, कारण एका माणसाची भाकरी करायला चूल पेटवायची म्हणजे तिला फसवल्यासारखं वाटायचं.

कुणीतरी सांगितलं, ओढ्यापलीकडे एक फकीर आहे, फार बोलत नाही. लिंबाजी आला. म्हणाला, मला शिष्य करून घ्या.

बाबा ना हो म्हणाले, ना नाही. “राहा,” म्हणाले.

सगुणाचं त्याने बाबांना काही सांगितलं नाही. हाताचं मात्र पहिल्याच दिवशी सांगितलं.

* * *

“मूठभर घे,” बाबांनी सांगितलं.

लिंबाजीने मडक्याच्या कडेची राखलीद मुठीत घेतली.

“आवळ. पाणी गळतं?”

“नाही.”

“मूठ उघड. ढेकूळ मोडतं?”

“नाही मोडत.”

“मग ओल बरोबर आहे. मोडायला लागलं की कडेकडेने पाणी सोडायचं. अंड्यांवर थेंब नको. झाकण ठेव.”

झाकण चंद्राक्कानेच घडवलेलं होतं, खास या कामासाठी. चाळणीसारखी भोकं पाडलेलं.

मडकं खोलीच्या कोपऱ्यात ठेवलं. तकिया म्हणजे एक खोली, एक ओटा, एक चिंच, आणि चिंचेखाली हिरवी चादर घातलेली एक तुरबत, बाबांच्या गुरूंची. गावातून कुणी आलं तर गुरुवारी. एरवी दिवसच्या दिवस चिंचेच्या पानांचा आवाज.

रोज सकाळी बाबा विचारायचे, “काय दिसतं?”

लिंबाजी झाकण उचलून पाहायचा. “पांढरी आहेत. एकमेकांना चिकटलेली.”

“सगळी?”

“तेरांचा घड आहे. एक सुटं आहे.”

“असू दे.”

दिवसभरात दोघांचं बोलणं एवढंच. मग बाबा उन्हाकडे तोंड करून बसत, आणि लिंबाजी अंगण झाडून काढी. झाडून झालं की पुन्हा झाडी.

त्या सुट्या अंड्याकडे त्याचं लक्ष जायला लागलं.

तेरा अंडी एकमेकांच्या कुशीत होती. एकाची ऊब दुसऱ्याला. हे एकटंच बाजूला, बोटभर अंतरावर, मडक्याच्या गार भिंतीशी. लिंबाजीला ते बघवेना. आठव्या दिवशी पहाटे बाबा तोंड धुवायला विहिरीवर गेले, तेव्हा त्याने झाकण उचललं, हात आत घातला आणि ते अंडं तळहातावर घेतलं.

किती हलकं होतं! कवच बोटाखाली जरासं दबलं.

दोन वर्षांत पहिल्यांदाच त्या हातात काहीतरी जिवंत होतं.

त्याने ते छातीशी धरलं. ऊब दिली. मग लहानपणी आईने कोंबडीच्या अंड्यांचं शिकवलं होतं तसं हलकेच अर्धं फिरवलं आणि परत जागेवर ठेवलं. चुन्याचा ठिपका खाली गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा फिरवलं, ठिपका वर आला.

घडातल्या तेरा अंड्यांना त्याने हात लावला नाही. ती बाबांची. हे एक माझं, असं त्याने ठरवलं. हे माझ्या हातून जगलं, तर हा हात अजून मेलेला नाही.

* * *

“काय दिसतं?”

“ओल बरोबर आहे, बाबा.”

“अंडी?”

“फुगलीत जरा.”

“सगळी?”

“सगळी सारखीच.”

हळूहळू त्या अंड्याशी तो बोलायला लागला. आधी नुसतं, काय रे, कसा आहेस. मग इतर काहीबाही. आज भाकरी करपली. आज चंद्राक्का ताक घेऊन आली होती, मला म्हणाली, चेलेबुवा, तुमी अंगण झाडून झाडून तिथं खड्डा पाडणार. आज ओढ्याला लाल पाणी आलंय. आज बाबा दिवसभर एक शब्द बोलले नाहीत.

एकदा तो सांगून गेला, सगुणाला पावट्याची आमटी फार आवडायची. मग स्वतःच दचकला. हे नाव त्याने दोन वर्षांत तोंडातून काढलं नव्हतं.

अंडं तळहातावर गप्प होतं. पण गप्प राहणाऱ्यांतही फरक असतो. घरातल्या भिंतीसुद्धा गप्पच असायच्या. हे अंडं ऐकतंय असं वाटायचं.

महिना झाला, त्यावर आणखी पंधरा दिवस गेले. घडातली अंडी टरारली होती. सुट्या अंड्यावर मात्र खालच्या बाजूला पिवळसर डाग दिसायला लागला. लिंबाजीने तो अंगठ्याने पुसून पाहिला. पुसला गेला नाही.

“काय दिसतं?”

“सारखीच आहेत, बाबा.”

“सुटं?”

लिंबाजीने झाकण ठेवलं. “तेही.”

बाबांनी मान हलवली. त्यांना तेवढंच ठाऊक होतं जेवढं लिंबाजी सांगत होता.

श्रावण लागल्यावर एक दिवस लिंबाजी धावतच ओट्यावर आला. “बाबा! खळगे पडलेत! अंडी आत बसलीत, वाळलेल्या बोरासारखी! गेली सगळी!”

“वास येतो?”

“नाही.”

“मग गेली नाहीत. आता निघतील.”

लिंबाजी परत खोलीत गेला. वास येत होता. थोडासा, कुबट. पण तो घडाचा नव्हता.

* * *

तिसऱ्या दिवशी पहिल्या अंड्यावर चीर पडली. नखाने ओढावी तशी. चिरेतून थोडा चिकट पाझर आला, आणि त्यामागून एक नाक. मग दोन मोठे काळे डोळे. मग जिभेची बारीकशी वळवळ.

लिंबाजी श्वास रोखून बसला.

डोकं त्याच्याकडे बघत राहिलं. तो जरासा हलला, तसं ते झटकन आत गेलं.

“बाबा, एक डोकावलं आणि परत गेलं!”

“झाकण ठेव.”

“बाहेर येईना ते.”

“घाई कुणाला आहे?”

दीड दिवस लागला. एकेक करून तेरा पिल्लं बाहेर आली. दोन वितींची, करड्या रंगाची, अंगावर फिकट पट्टे. तोंड उघडून फुत्कारायची. लिंबाजीने त्यांना दुसऱ्या मोठ्या मडक्यात हलवलं, तेव्हा तिघांनी त्याच्या बोटांना चावे घेतले. रक्ताचे एवढे एवढे ठिपके आले.

“चावली?” बाबांनी विचारलं.

“चावली. मी यांच्यासाठी दोन महिने जागचा हललो नाही, आणि ही चावतात.”

“चांगली आहेत म्हणजे.”

मडक्यात वाळलेली पानं घातली, करवंटीत पाणी ठेवलं. बाबा म्हणाले, पहिली कात टाकेपर्यंत खाणार नाहीत, पोटात अंड्यातला बलक आहे. कात टाकली की सोडायची.

आता पहिल्या मडक्यात एकच अंडं राहिलं. लिंबाजी त्याच्यासमोर बसून राहिला. त्याच्यावर चीर नव्हती. खळगा होता, पण तो एकाच बाजूला, आणि त्यावर करड्या बुरशीचं जाळं धरलं होतं.

तो दिवस गेला. दुसराही गेला.

तिसऱ्या दिवशी चंद्राक्का ताकाचा लोटा घेऊन आली.

“कुटंयत माजी नातवंडं? अगं बाई, डोळे बगा की कसले! टपोरे! ह्यो मधला तर आमच्या थोरल्या दिरावानी बगतोय, आदी भांडून मग इचारणार, काय झालं म्हणून.”

हसतच ती कोपऱ्यातल्या मडक्याकडे वळली. “आन् ह्ये? ऱ्हायलं व्हय एक?”

तिने ते अंडं उचललं. हुंगलं. तिचं हसू गेलं.

“मेलंय की.”

तिने अंडं उजेडाकडे धरलं आणि फिरवून पाहिलं. “बाबा... चुन्याची खूण खाली हाय. आत जीव धरला की त्यो वरल्या अंगाला चिकटून ऱ्हातो. उलटं झालं की पाण्यात बुडल्यावानी बुडतो. मी तर वर लावली हुती, खूण.”

“म्हंजी मीच की,” चंद्राक्का हळूच म्हणाली. “ओढ्यात पाय सरकला हुता माजा, येताना. मला वाटलं, सावरलं. ह्येच सुटं हुतं, ह्येच गडबडलं असणार.” तिने अंडं परत मडक्यात ठेवलं, हळू, जणू अजून काही बिघडायचं राहिलं होतं. “इतकी वर्सं आणती मी. कदी एक दगावलं न्हाई. ह्या बारीला माज्या हातनं जीव गेला.”

लिंबाजी जमिनीकडे बघत राहिला. तिथे एक मुंगी वाळलेल्या पानाचा तुकडा ओढत होती. त्याने ती मुंगी भिंतीपर्यंत जाईतोवर पाहिली.

चंद्राक्का गेली. जाताना तिने चेलेबुवाला एकही टोमणा मारला नाही. ताकाचा लोटा तिथेच विसरून गेली.

बाबांनी लिंबाजी बसला होता त्या बाजूला तोंड वळवलं. बराच वेळ तसंच ठेवलं. मग पुन्हा उन्हाकडे केलं.

* * *

पुढचे आठ दिवस चंद्राक्का आली नाही.

ती यायची तेव्हा लिंबाजीला तिच्या बडबडीचा त्रास व्हायचा. आता तो झाडताना ओढ्याच्या वाटेकडे बघायचा. वाट रिकामी असायची. सकाळी काय दिसतं असंही बाबांनी विचारलं नाही. विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पहाटे सवयीने तो कोपऱ्यात जाऊन बसे. अंडं हातात घेई. काही सांगावंसं वाटे, पण आता ते ऐकत नाही, हे त्याला ठाऊक होतं. ते कधीपासून ऐकत नव्हतं? पावट्याच्या आमटीचं सांगितलं तेव्हा तरी जिवंत होतं का? का पहिल्याच पहाटे, त्याने छातीशी धरून फिरवलं तेव्हाच...

नवव्या दिवशी मोठ्या मडक्यात पानांवर बारीक, कांद्याच्या पापुद्र्यासारख्या काती पडलेल्या होत्या. पिल्लांचा रंग उजळला होता.

“सोड,” बाबा म्हणाले. “एकेकाला. वेगवेगळ्या दिशेला. एका मुंगसाला सगळी सापडू नयेत.”

“तेरा फेऱ्या, बाबा.”

“तेरा.”

बाबा सकाळीच ओट्याच्या पायरीवर येऊन बसले. लिंबाजीने एक पिल्लू कापडी पिशवीत घातलं आणि निघाला.

पहिलं त्याने बांधावरच्या निवडुंगात सोडलं. पिशवीचं तोंड खाली धरलं. पिल्लू बाहेर आलं, क्षणभर थांबलं. लिंबाजीही थांबला. मग ते सरसर आत गेलं. गवताचं पातं हललं आणि स्थिर झालं.

दुसरं बांबूच्या बेटात. तिसरं पडक्या विहिरीच्या दगडांत. चौथं ओढ्याकाठी.

प्रत्येक वेळी तो थोडा वेळ उभा राहायचा. एकानेही मान वळवली नाही. आईविना जन्मलेली ती पिल्लं, त्यांना मागे वळून बघायची सवय तरी कुठून असणार? पण लिंबाजी थांबायचा. मग रिकामी पिशवी खांद्यावर टाकून परत यायचा. पायरीवरून बाबा म्हणायचे, “पाच.” पुढच्या वेळी, “सहा.” पावलांवरून त्यांना कळत होतं.

तेरावं सोडून तो परतला तेव्हा ऊन डोक्यावरून कलंडलं होतं. मोठं मडकं रिकामं होतं. खोलीत इतकी शांतता होती, की त्याला आपलं घर आठवलं.

तो कोपऱ्यात गेला. सुटं अंडं घेऊन बाहेर आला आणि बाबांच्या समोर, अंगणातल्या मातीत बसला.

“बाबा.”

“हं.”

“हे चंद्राक्काने उलटवलं नाही. मी रोज हातात घेत होतो. रोज फिरवत होतो.”

“हं.”

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“मला कुठून ठाऊक? मला दिसत नाही. तू सांगायचास, सगळी सारखी.”

लिंबाजीची मान खाली गेली. हे ओरडून म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. बाबा ओरडले नव्हते.

“तुम्ही म्हणाला होतात, हात लावू नकोस. मी ऐकलं नाही. मला वाटलं, बाकीच्यांचा हात वेगळा, माझा वेगळा.”

चिंचेवरून दोन पानं खाली आली.

मग लिंबाजीने सगळं सांगितलं. म्हैस, वाडी, झेंडूची माळ. सकाळी अंगणात बसलेली माणसं. ती म्हातारी. सांगताना तो रडला नाही. फक्त सगुणाच्या नावापाशी दर वेळी जरा थांबत होता, उंबऱ्याशी थांबावं तसा.

“दोन वर्षं मी हेच धरून बसलोय, बाबा. माझा हात तिथे असता तर ती वाचली असती. आणि हे अंडं...” त्याने मूठ उघडली. “हे तर माझ्या हातातच होतं. रोज होतं. तिथे हात नव्हता म्हणून गेली. इथे हात होता म्हणून गेलं. मग या हाताचं मी करू काय? सांगा ना. तोडून टाकू?”

बाबांनी आपला हात पुढे केला. तळवा वर.

लिंबाजीला वाटलं, ते अंडं मागतायत. त्याने अंडं त्यांच्या तळहातावर ठेवलं.

बाबांनी ते बोटांनी चाचपलं. बुरशी, डाग, खळगा. त्यांचा अंगठा चुन्याच्या ठिपक्यावर जरा थांबला. मग त्यांनी ते शेजारी पायरीवर ठेवलं, आणि हात पुन्हा पुढे केला. रिकामा.

लिंबाजी बघत राहिला.

“काय हवंय, बाबा?”

“सकाळपासून बसलोय. गुडघे धरलेत. मला उठव... चंद्राक्काकडे जायचंय. कुंभारवाडा लांब आहे.”